लहान अणुस्फोटातील आरंभीचे गॅमा किरण मोजताना या चुका टाळा

अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात केलेल्या सर्वांत छोट्या चाचण्यांची स्फोटशक्ती किलोटनांत नव्हे, तर टीएनटी या स्फोटकाच्या टनांत मोजावी लागते: १५ ऑक्टोबर १९५८ ची 'हॅमिल्टन' सुमारे १.२ टन, तर १७ जुलै १९६२ ची 'लिटल फेलर-१' सुमारे १८ टन. एवढ्या लहान स्फोटात दाबलहर आणि उष्णता यांची पोच झपाट्याने आखडते. किरणोत्साराची पोच मात्र तितकी आखडत नाही, आणि म्हणून माणसाला होणारी इजा बहुतांशी त्यावरच ठरते. त्यामुळे या चाचण्यांतल्या गॅमा मात्रेचे, म्हणजे एखाद्या जागी मिळालेल्या गॅमा किरणांच्या एकूण प्रमाणाचे, आकडे आजही आरोग्यभौतिकीच्या, म्हणजे किरणोत्सारापासून संरक्षणाच्या शास्त्राच्या, अभ्यासात येतात. ते आकडे बहुधा फिल्म बॅजवरून, म्हणजे किरणांनी काळवंडणारी फिल्म ठेवलेल्या छोट्या बिल्ल्यावरून, घेतलेले असतात, आणि ते वाचताना काही चुका पुन्हा पुन्हा होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फिल्मवर उमटलेली सगळी मात्रा आरंभीच्या किरणांची मानणे. स्फोटानंतरच्या पहिल्या मिनिटात येणाऱ्या किरणांना आरंभीचे किरण म्हणायचे, हा संकेत हिशेबाच्या सोयीसाठी ठरलेला आहे. फिल्मला घड्याळ नसते. ती उचलून आणेपर्यंत जमिनीवर पडलेली किरणोत्सारी धूळ आणि न्यूट्रॉनांमुळे मातीत निर्माण झालेली किरणोत्सारिता तिच्यावर उमटतच राहते. 'लिटल फेलर-२' मध्ये स्फोटक जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर टांगलेले होते, म्हणजे माती वर उडून दूषित होणे अटळ होते. समजा, स्फोटानंतर एका तासाने बॅज उचलला आणि त्या वेळी तिथला मात्रादर ताशी १० राँटगेन (गॅमा किरणांच्या मात्रेचे जुने एकक) भरला. विखंडनजन्य पदार्थांचा (अणुकेंद्र फुटून उरलेल्या किरणोत्सारी पदार्थांचा) मात्रादर काळाच्या उणे १.२ घातानुसार घटतो असे धरून मागे मोजत गेल्यास, पहिल्या मिनिटापासून तासापर्यंत सुमारे ६३ राँटगेन साचलेले निघतात. फिल्म २०० दाखवत असेल, तर त्यातील जवळपास तिसरा हिस्सा आरंभीच्या किरणांचा नव्हेच. तोच बॅज सात तासांनी उचलला, तर ही भर ८० च्या आसपास जाते.

ही वजाबाकी करतानाच दुसरी चूक डोके वर काढते. उणे १.२ चा नियम विखंडनजन्य पदार्थांच्या मिश्रणाचा आहे; मातीतील प्रेरित किरणोत्सारितेला तो लागू पडत नाही. ॲल्युमिनियम-२८ चा अर्धायुकाल सव्वादोन मिनिटांचा, मँगनीज-५६ चा सुमारे २.६ तासांचा आणि सोडियम-२४ चा १५ तासांचा. तासाभराने मोजलेल्या दरात ॲल्युमिनियमचा मागमूसही उरत नाही, पण पहिल्या काही मिनिटांत त्याने दिलेली मात्रा फिल्मवर कायम असते. यावर खात्रीचा उपाय एकच: एकाच अंतरावर दोन बॅज ठेवावेत, एक मिनिटभरातच तारेने ओढून शिशाच्या आडोशामागे न्यावा आणि दुसरा उशिरा उचलावा. दोहोंतील फरक हा प्रत्यक्ष मोजलेला असल्यामुळे कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो.

फिल्मचा प्रतिसाद सर्व ऊर्जांना सारखा नसतो. शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालच्या, विखुरलेल्या किरणांनी ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त काळवंडते, आणि हवेतून लांब आलेल्या किरणांत असे विखुरलेले किरण भरपूर असतात. कोबाल्ट-६० च्या १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांवर केलेले अंशांकन (काळेपणावरून मात्रा ठरवण्याचे माप) जसेच्या तसे लावले, तर आकडा फुगतो. म्हणूनच फिल्मभोवती कथील आणि शिशाचे थर देण्याची पद्धत पडली. तिथे कॅडमियम वापरू नये, कारण मंद न्यूट्रॉन पकडताना ते स्वतःच गॅमा किरण सोडते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या टीएलडी बॅजमध्येही (फिल्मऐवजी, तापवल्यावर मिळालेल्या मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देणाऱ्या चकत्यांचा बॅज) एका चकतीवर धातूची गाळणी असते, कारण त्या चकत्यांतील डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेटलाही कमी ऊर्जेच्या किरणांबाबत हाच दोष आहे.

अंतर नुसते मीटरमध्ये नोंदवून चालत नाही. किरणांची वाट हवेची घनता ठरवते. नेवाडाच्या चाचणीक्षेत्रातील फ्रेंचमन फ्लॅट हे सपाट मैदान समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे आणि तिथली हवा विरळ व कोरडी असते. मात्रा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात तर घटतेच, शिवाय हवेत शोषण झाल्याने घातांकी नियमानेही (e च्या उणे घाताप्रमाणे) घटते. जिथे हा शोषणाचा घातांक ३ आहे तिथे घनता दहा टक्क्यांनी चुकली, तर मात्रा सुमारे ३५ टक्क्यांनी चुकते. आर्द्रतेचा परिणाम तर न्यूट्रॉनांवर अधिक होतो. हिरोशिमासाठी १९६५ साली ठरवलेल्या मात्रा नेवाडातील मोजमापांवर आधारल्या होत्या. १९८६ च्या फेरगणनेत हिरोशिमातील न्यूट्रॉन मात्रा खूपच खाली आली, आणि जपानमधील दमट हवा हे त्यामागचे एक कारण होते. गॅमा मात्रेची पडताळणी तिथल्या कौलांतील व विटांतील क्वार्ट्झच्या उष्मादीप्तीवरून (तापवल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून) करता आली.

एककांची गल्लतही टाळावी (ग्रे हे शोषलेल्या मात्रेचे आजचे एकक): एक राँटगेन म्हणजे हवेत सुमारे ०.००८८ ग्रे, मऊ ऊतकात सुमारे ०.००९६ ग्रे. पोखरणच्या मे १९९८ मधील किलोटनाखालील चाचण्या भूमिगत होत्या. त्यांना वरचे हिशेब लावणे निरर्थक आहे, कारण आरंभीचे किरण वरच्या मातीतच शोषले जातात.

स्फोटाजवळच्या बॅजबाबत आणखी एक सापळा आहे. अतिशय मोठ्या मात्रेला फिल्मचे काळवंडणे थांबते आणि त्याही पुढे गेल्यास ती उलट फिकट होऊ लागते, त्यामुळे सर्वांत जवळचा बॅज दूरच्या बॅजपेक्षा कमी मात्रा दाखवू शकतो. एकाच बॅजमध्ये संवेदनशील आणि मंद अशा दोन फिल्म असतात त्या याचसाठी. दोघींचे आकडे जुळत नसतील, तर मोठ्या मात्रेला मंद फिल्म ग्राह्य धरावी, आणि तीही संपृक्त झाली असेल, तर तक्त्यात आकडा न घालता 'किमान इतकी' असे स्पष्ट नोंदवावे.