फ्रेंच राज्यक्रांतीची अस्सल साधने वाचताना या चुका टाळा

१४ जुलै १७८९ ला पॅरिसमधला बॅस्टिल हा तुरुंग-किल्ला पडला आणि त्याच दिवशी सोळाव्या लुईने रोजनिशीत लिहिलं, ‘काही नाही’. राजा किती बेफिकीर होता, याचा पुरावा म्हणून ही नोंद सर्रास दिली जाते. तशी देऊ नका. ती वही प्रामुख्याने शिकारीची; ‘काही नाही’ म्हणजे त्या दिवशी शिकार नाही. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बायका पावासाठी व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून आल्या, त्या दिवशीची नोंद सांगते की ८१ सावजं टिपली आणि घडामोडींमुळे खंड पडला. राजाचं मन अशा वहीत सापडायचं नाही. त्यासाठी जून १७९१ मध्ये पॅरिसमधून पळून जाताना त्याने मागे ठेवलेलं निवेदन वाचा. गेलेल्या अधिकारांपासून तुईलरी राजवाड्यातल्या गैरसोयींपर्यंत सगळी गाऱ्हाणी त्याने स्वतः त्यात मांडली आहेत.

आठवणी आणि त्या वेळचं पत्र एकाच तागडीत तोलू नका. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक मराठी वाचकाला नवा नाही. तोच निकष इथे लावा. राणीच्या सेवेतल्या मादाम कांपां यांच्या आठवणी छापल्या गेल्या १८२२ मध्ये, लुईचं बूर्बाँ घराणं गादीवर परतल्यावर. क्रांतीच्या राजकारणात वावरलेल्या मादाम रोलां यांनी आपल्या आठवणी १७९३ मध्ये तुरुंगात लिहिल्या, गिलोटिन समोर दिसत असताना. दोघींनी बरंच डोळ्यांनी पाहिलं होतं, पण दोघींना कुणाची ना कुणाची बाजू राखायची होती.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तक्रारवह्यांबाबत. १७८९ च्या वसंतात, एस्टेट्स जनरलच्या, म्हणजे धर्मगुरू, उमराव आणि सामान्य अशा तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधिसभेच्या निवडणुकीच्या वेळी, गावोगावच्या सभांनी राजासाठी आपली गाऱ्हाणी लिहून काढली. ‘हाच शेतकऱ्याचा आवाज’ म्हणून ती जशीच्या तशी उद्धृत होतात. पण लेखणी अनेकदा वकिलाच्या हातात असे आणि तयार नमुनेही फिरत होते. एवढ्यावरून वह्या टाकाऊ ठरवल्या, तर तीही तितकीच मोठी चूक. शेजारच्या दोन-तीन गावांच्या वह्या एकत्र घेऊन बसा. शब्दन्‌शब्द जुळणारा मजकूर नमुन्यातला असू शकतो. पण मध्येच एखादा मोडका रस्ता किंवा कुरणावरचा हक्क आला, की गाव स्वतः बोलायला लागलं असं समजा.

आर्थर यंग या इंग्रज शेतीतज्ज्ञाला १२ जुलै १७८९ रोजी ईशान्य फ्रान्समध्ये चढणीवर एक गरीब बाई भेटली. दिसायला साठ-सत्तरीची, वाकलेली, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. वय सांगितलं २८. नवऱ्याची जमीन जरा, गाय एक, मुलं सात, आणि उमरावाला द्यायचे गहू नि कोंबड्या वेगळ्याच. कुणी मोठी माणसं गरिबांसाठी काहीतरी करणार आहेत, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. ही नोंद काळजात घुसते, म्हणूनच जपून वापरा. प्रश्न विचारणारा शेतीचा अभ्यासक होता, त्यामुळे उत्तरं जमीन, गाय आणि देण्यांची आली. या एका बाईवरून सगळ्या फ्रान्सची सरासरी काढू नका.

राज्यघटना होईपर्यंत पांगायचं नाही, ही शपथ प्रतिनिधींनी जून १७८९ मध्ये टेनिस कोर्टावर घेतली; तिचं चित्रकार जाक-लुई दाविदचं चित्र म्हणजे त्या दिवसाचा फोटो नव्हे. त्यात ठळकपणे दिसणारे धर्मगुरू दोम जेर्ल त्या दिवशी तिथे नव्हतेच. तारखांचंही भान ठेवा, कारण क्रांतीने स्वतःची नवी दिनदर्शिका काढली होती: तिच्या दुसऱ्या वर्षाचा ९ तेर्मिदोर म्हणजे २७ जुलै १७९४.

आणि ‘मोनितर’ हे वर्तमानपत्र. त्याचा पहिला अंक निघाला २४ नोव्हेंबर १७८९ ला. मे ते नोव्हेंबरचा त्यातला मजकूर मागाहून जुळवलेला आहे. त्या महिन्यांसाठी प्रतिनिधींनी आपापल्या गावी धाडलेली पत्रं आधी काढा.