ग्रे घोस्ट स्ट्रीमर कसा बांधावा

१ जुलै १९२४ रोजी अमेरिकेच्या मेन राज्यातील अपर डॅम येथे कॅरी स्टीव्हन्स यांनी स्वतः बांधलेल्या फ्लायवर (गळावर पिसे आणि दोरे बांधून केलेल्या कृत्रिम आमिषावर) ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट मासा पकडला आणि ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरे बक्षीस मिळाले. बायकांच्या टोप्या घडवण्याचा व्यवसाय केल्यामुळे पिसांवर त्यांचा हात आधीच बसलेला होता. पुढे त्यांचा ग्रे घोस्ट हा स्ट्रीमर, म्हणजे लहान माशासारखी दिसणारी लांबट फ्लाय, सर्वांत प्रसिद्ध झाला. मेनमधल्या रेंजली भागातील सरोवरांमध्ये ट्राउट आणि सॅमन स्मेल्ट नावाच्या बारीक, चंदेरी माशावर पोसतात. ग्रे घोस्ट ही त्याच माशाची नक्कल आहे. मासा निमुळता आहे, म्हणून स्ट्रीमरही निमुळताच हवा. नवशिक्यांचे बहुतेक ग्रे घोस्ट बिघडतात ते साहित्य कमी पडल्यामुळे नव्हे, तर जास्त झाल्यामुळे.

लांब दांड्याचा, स्ट्रीमरसाठीच बनवलेला ४ किंवा ६ क्रमांकाचा गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ धरून ठेवणाऱ्या लहान शिकंजात, घट्ट बसवावा. अंगासाठी पांढरा आणि डोक्यासाठी काळा असे दोन दोरे लागतात. याखेरीज चपटे रुपेरी टिन्सेल (चकचकीत पट्टी), नारिंगी रेशमी फ्लॉस (पीळ नसलेला मऊ धागा), मोरपिसाचे तंतू, हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, गोल्डन फेजंट या पक्ष्याच्या तुऱ्याची दोन पिसे, करड्या रंगाची चार लांब हॅकल पिसे (कोंबड्याची लांब, निमुळती पिसे), सिल्व्हर फेजंटच्या अंगावरची दोन रुंद पिसे आणि ‘जंगल कॉक’ची दोन पिसे जमवावीत. जंगल कॉक म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चमकणारे ठिपके असतात आणि तेच फ्लायवर डोळ्याचे काम करतात. हा पक्षी भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे रानात पडलेले पीसही उचलून वापरू नये. छापील कृत्रिम डोळे सहज मिळतात आणि माशाला त्यातला फरक कळतो असे मला वाटत नाही.

पांढरा दोरा गळाच्या नेढ्यामागे ३–४ मिलिमीटर जागा सोडून सुरू करावा आणि दांड्यावर एकसारखे, चपटे वेढे देत मागे काट्याच्या वरपर्यंत न्यावा. येथे काळा दोरा वापरण्याचा मोह टाळावा, कारण फ्लॉस ओला झाला की जवळजवळ पारदर्शक होतो आणि खालचा काळा रंग वर येऊन नारिंगी अंग मळकट दिसू लागते. मागच्या टोकाला टिन्सेल बांधून त्याचे तीन-चार वेढे बाकाच्या दिशेने आणि पुन्हा पुढे असे घ्यावेत, दोऱ्याने पक्के करावे आणि उरलेली पट्टी न कापता तशीच मागे लोंबती ठेवावी.

आता दोरा पुढे आणून फ्लॉस तेथे बांधावा; तो सपाट पसरवत मागे न्यावा आणि त्याच वाटेने परत पुढे आणावा. एवढे दोन थर पुरेत. फ्लॉसला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि नखांच्या कडा घासून घ्याव्यात, नाहीतर खरखरीत कातडीला अडकून त्याचे तंतू विस्कटतात. त्यानंतर मागे ठेवलेली टिन्सेलची पट्टी समान अंतराने गुंडाळत पुढे आणावी आणि बांधून कापावी.

पोटाचा भाग बांधण्यासाठी गळ उलटा करावा. प्रथम मोरपिसाचे चार-पाच तंतू आणि त्यांच्यावर पांढऱ्या केसांची अगदी विरळ बट बांधावी. दोन्ही गळाच्या बाकापलीकडे थोडी जावीत. त्यावर तुऱ्याचे आखूड पीस अशा रीतीने बसवावे की गळ सुलटा केल्यावर त्याचा बाक वर वळलेला राहील. गळ सुलटा करून पाठीवर तुऱ्याचे दुसरे, पंखाइतके लांब पीस खाली वळणारे बांधावे.

पंख हा या कामाचा गाभा आहे आणि तो गळावर नव्हे, आधी टेबलावर तयार होतो. चार हॅकल पिसांच्या दोन जोड्या कराव्यात, बुडाशी असलेली मऊ लव काढून टाकावी आणि डाव्या-उजव्या जोडीची पिसे एकमेकींत नीट बसतील अशी लावावीत. प्रत्येक जोडीच्या बाहेरच्या बाजूस पुढच्या भागात देठालगत घट्ट वार्निशचा एक बारीक थेंब लावून सिल्व्हर फेजंटचे पीस चिकटवावे; त्याने पंखाची सुमारे एक तृतीयांश लांबी झाकली पाहिजे. त्याच्यावर जंगल कॉकचे पीस चिकटवून सर्व काही दाबून वाळू द्यावे. देठ बांधताना गरगर फिरतात, म्हणून ते लहान पकडीने चपटे करून घ्यावेत. मग डावा अर्धा भाग दांड्याच्या कडेला टेकवून दोऱ्याचे तीन घट्ट वेढे द्यावेत, उजवा भागही तसाच बांधावा आणि समोरून पाहून दोन्ही डोळे एका रेषेत आहेत ना, हे तपासावे. पंख पाठीवर शिडासारखा उभा राहता कामा नये. तो अंगाच्या दोन्ही बाजूंना झाकत गेला पाहिजे. कॅरी स्टीव्हन्स हे सारे व्हाइसशिवाय, हातातच बांधत असत.

जास्तीची टोके तिरपी कापून काळ्या दोऱ्याने लांबट, लहान डोके घडवावे, गाठ मारावी आणि वार्निशचे दोन-तीन पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याखेरीज पुढचा देऊ नये. स्टीव्हन्स यांच्या फ्लायच्या काळ्या डोक्यावर नारिंगी पट्टा असे, तो हवा असल्यास नारिंगी दोऱ्याचे दोन-तीन वेढे पुरतात.

फ्लायची पारख कोरडेपणी करू नये. तिला दोऱ्याला बांधून पाण्याने भरलेल्या बादलीत ओढून पाहावी. ओली होताच ती आवळून एका सडपातळ माशासारखी दिसली आणि सरळ चालली तर काम जमले. एका कुशीवर कलंडली तर दोन्ही बाजूंचे पंख असमान बांधले गेले आहेत, आणि पोट फुगीर दिसले तर पुढच्या वेळी पांढरे केस निम्मे करावेत.