अंगणातून मृगाच्या तेजोमेघाचा फोटो कसा काढावा

मृग नक्षत्रातले एका रेषेतले तीन तारे, म्हणजे व्याधाचा बाण, बहुतेकांना ओळखता येतात. त्यांच्या जरा दक्षिणेला एक धूसर ठिपका आहे. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा हा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग; यादीतले त्याचे नाव एम ४२. तिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत. पहिला फोटो याचाच काढा. तो इतका तेजस्वी आहे की शहरी उजेडातही हाती लागतो आणि त्यासाठी दुर्बीण लागत नाही. डीएसएलआर, ५० मिमी लेन्स आणि न डगमगणारा ट्रायपॉड एवढे पुरे.

जानेवारी-फेब्रुवारीतली, अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडा. अंगणातले दिवे मालवा. कॅमेरा अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवा, कारण लेन्स थंड होत जाते तसा फोकस सरकतो.

आता फोकस. इथे घाई करू नका. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, व्याधाचा तारा १० पट मोठा करा आणि फोकस रिंग केसभर पुढे-मागे फिरवत तो ठिपका लहानात लहान करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. माझी एक अख्खी रात्र त्या खुणेपायी वाया गेली. सकाळी संगणकावर पाहिले तर प्रत्येक तारा बटणाएवढा. तेव्हापासून मी दर अर्ध्या तासाने फोकस पुन्हा तपासतो.

पृथ्वी फिरते, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवले की तारे लांबट होतात. किती सेकंद चालतील ते काढायला ५०० ला लेन्सच्या मिमीने भागा. सेन्सर लहान असेल तर आणखी १.५ ने. लहान सेन्सरवर ५० मिमीला साडेसहा सेकंद येतात, पण मी ५ च ठेवतो. लेन्सचे छिद्र एफ/२.८, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १६००, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. स्टॅबिलायझेशन आणि कॅमेऱ्यातले नॉइज रिडक्शन बंद.

मग टायमर लावून २०० फोटो घ्या. एकट्या फोटोत फारसे काही दिसणार नाही, खट्टू होऊ नका. हे सगळे एकावर एक रचले की तेजोमेघाचा प्रकाश साठत जातो, दाणेदारपणा मात्र त्या मानाने सुमारे १४ पट कमी होतो, कारण तो संख्येच्या वर्गमुळानेच वाढतो. मधूनमधून मृग चौकटीच्या मध्यावर आणा, आणि लेन्सवर दव धरले नाही ना, हे टॉर्च तिरपा धरून पाहा.

शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर २०-३० फोटो घ्या. हे डार्क फ्रेम, सेन्सरचे दोष नंतर फोटोंतून वजा करण्यासाठी. ते तिथेच, त्याच थंडीत घ्यायचे, कारण सेन्सरचे तापलेले पिक्सेल तापमानाप्रमाणे बदलतात.

फोटो एकावर एक रचायला, म्हणजे स्टॅकिंगला, सॉफ्टवेअर लागते: डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिल, दोन्ही मोफत आहेत. दोन्ही प्रकारचे फोटो त्यात घाला आणि स्टॅकिंग होऊ द्या. तयार झालेले चित्र जवळजवळ काळे दिसेल. प्रकाश सगळा त्यात दडलेला असतो. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्हज, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी रेषा, थोडी थोडी उचला. आधी पांढुरका गाभा दिसेल, मग त्याच्या भोवती गुलाबी पंख उलगडतील. पार्श्वभूमीचे आकाश दाणेदार व्हायला लागले की हात आवरा.