केळीच्या सोपटाचा धागा घालून स्टार्चचं प्लास्टिक घरी कसं बनवायचं

जळगावकडे केळीचा घड उतरवला की खोड बांधावर फेकतात, कारण एका खोडाला घड एकदाच लागतो. त्याच खोडातल्या धाग्याने कॉर्नफ्लोअरचं, म्हणजे मक्याच्या स्टार्चचं, कच्चं प्लास्टिक चांगलं चिवट होतं. शाळेच्या प्रोजेक्टला किंवा रोपांच्या कुंड्या करायला मस्त आहे, फक्त एक लक्षात ठेवा, खरं काम धागा साफ करण्यात आहे, शिजवणं त्यामानाने सोपं.

खोडाची बाहेरची वाळकी सोपटं (खोडावर एकावर एक गुंडाळलेले थर) काढून टाका, मधली घ्या, हातभर लांब पट्ट्या करा आणि पाटावर ठेवून बोथट सुरीने एकाच दिशेने दाबून खरवडत जा, गर आणि पाणी निघून जातं आणि हातात पांढरट चकचकीत धागे राहतात. जुने कपडे घाला बरं का, केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही.

आता हे धागे लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकून तासभर उकळा. स्टीलचं पातेलं घ्या, अॅल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो. कारखान्यात यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात पण तो घरात अजिबात आणू नका, कातडी भाजते. उकळल्याने धाग्यावरचं पेक्टिन (धागे एकमेकांना चिकटवून ठेवणारा पदार्थ), मेण वगैरे बरंचसं सुटतं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, मग स्टार्च त्याला घट्ट धरतं. बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा, सावलीत कडक वाळवा आणि अर्धा ते एक सेंटिमीटरचे तुकडे करा. लांब ठेवले तर गुंता होतो आणि गुंत्याच्या जागीच शीट फाटते.

मिश्रण असं: कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, पाणी २०० मिली, ग्लिसरीन १० मिली (मेडिकलमध्ये मिळतं), पांढरं व्हिनेगर १० मिली, धागा २ ग्रॅम. आधी धागा पाण्यात मोकळा करून घ्या मग बाकीचं टाका. मंद आचेवर सतत ढवळत राहा, साधारण ७० अंशाच्या आसपास दुधाळ पाणी एकदम घट्ट आणि पारदर्शक व्हायला लागतं, त्यानंतर दोन-तीन मिनिटं अजून शिजू द्या. ग्लिसरीन कमी पडलं तर शीट पापडासारखी तडकते, जास्त झालं तर चिकट राहते.

तेलाचा हात फिरवलेल्या स्टीलच्या ताटात ३-४ मिलिमीटर जाड पसरा, बुडबुडे सुईने फोडा आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवू नका, कडा वळतात. दोन-तीन दिवस लागतात, पावसाळ्यात जास्त, आणि तेव्हा बुरशीही पटकन धरते म्हणून शक्यतो हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करा.

सोबत धागा न घातलेली एक शीट नक्की करा, नाहीतर फरक कळणार कसा? दोन्हींच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून वजन लटकवा आणि तुटलेली कड भिंगाखाली बघा. धागे नुसतेच उपसून बाहेर आले असतील तर पकड कमी पडली, म्हणजे धुणं किंवा वाळवणं अपुरं झालंय. धागा स्वतः तुटलेला दिसला तर काम उत्तम! स्टार्च आणि धाग्यातलं सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, त्यामुळे त्यांचं छान जमतं, पॉलिप्रॉपिलीनशी (नेहमीच्या डब्या-बादल्यांचं प्लास्टिक) या धाग्याचं तसं सहज जमत नाही.

पाण्यापुढे मात्र हे टिकत नाही, भिजलं की फुगून मऊ पडतं. म्हणून चहाचे कप वगैरे करू नका. रोपाच्या कुंडीला बाहेरून मेणाचा पातळ हात दिला तर थोडी जास्त टिकते, आणि रोप लावताना कुंडीसकट मातीत ठेवता येतं. बाजारात कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारं, म्हणून मिळणारं पीएलए (पॉलिलॅक्टिक अॅसिड नावाचं प्लास्टिक) वेगळं, त्याला कुजायला ५८ अंशाच्या आसपास गरम राहणारा कंपोस्टचा ढीग लागतो, ते बांधावर टाकलं तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं, त्यामुळे दोन्ही एकाच खड्ड्यात टाकू नका.