‘हाउ आर यू?’ला काय म्हणावं?

शाळेत घोटून घेतलेलं ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?’ व्याकरणात चोख आहे. पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये ते पाठांतर म्हटल्यासारखं ऐकू येतं. ‘गुड, थँक्स. हाउ अबाउट यू?’ म्हणा. दुकानाच्या काउंटरवर, लिफ्टमध्ये, मीटिंग सुरू होताना एवढं पुरतं. समोरचा तब्येत विचारत नसतो, नमस्कार करत असतो. तिथे गुडघेदुखीचं पुराण लावलंत तर तो अवघडतो. ऑफिसात उलट विचारलंच नाहीत तर तुम्ही तुटक वाटता.

‘फाइन’ जपून वापरा. हसून, मोकळ्या आवाजात म्हटलेलं ‘आय अ‍ॅम फाइन’ चालून जातं. तेच नुसतं ‘फाइन’ आवाज खाली टाकून म्हटलं किंवा मेसेजमध्ये पुढे पूर्णविराम देऊन पाठवलं, की वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिनसलंय. ‘ओके’चंही तेच. आपण ‘ठीक आहे’च्या हिशेबाने ‘आय अ‍ॅम ओके’ म्हणून मोकळे होतो, पण ते उत्तर खरं शोभतं ते ठेचकाळल्यावर कुणी ‘आर यू ओके?’ विचारलं तर.

‘आय अ‍ॅम वेल’चा रोख तब्येतीकडे जास्त, आणि ते जरा औपचारिक. ‘आय अ‍ॅम गुड’ रोजचं. मात्र वेटरने आणखी कॉफी हवी का विचारल्यावर ‘आय अ‍ॅम गुड’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘नको’. मग कपाकडे बघत बसू नका.

ब्रिटिश माणूस ‘नॉट बॅड’ किंवा ‘कान्ट कम्प्लेन’ म्हणाला तर त्याचं छान चाललंय असंच धरा. ‘क्वाइट गुड’ फसवं: अमेरिकन ते ‘खूप छान’ म्हणून ऐकतो, ब्रिटिश बहुधा ‘बऱ्यापैकी’ म्हणून. इंग्लंडात ‘यू ऑलराइट?’ विचारलं म्हणजे तुमचा चेहरा उतरलाय असं नव्हे, ‘ऑलराइट, यू?’ म्हणून पुढे जा. ऑस्ट्रेलियातल्या ‘हाउ यू गोइंग?’लाही उत्तर ‘गुड, थँक्स’च, ‘बाय बस’ नव्हे.

‘हँगिंग इन देअर’ म्हणजे कसंबसं रेटतोय. ‘बीन बेटर’ आणि ‘नॉट ग्रेट’ त्याहून स्पष्ट. ही उत्तरं दिली की ‘व्हॉट्स गोइंग ऑन?’ येणारच, तेव्हा सांगायचं नसेल तर ती देऊच नका. ‘बिझी, बट गुड’ म्हणून सुटता येतं. पाठ्यपुस्तकातलं ‘सो-सो’ मात्र प्रत्यक्षात फारसं कुणी म्हणत नाही.

दवाखान्यात सांभाळा. डॉक्टर ‘हाउ आर यू टुडे?’ म्हणत आत येतात आणि सवयीने तोंडातून ‘फाइन’ निसटतं. तिथे थेट सांगा: ‘नॉट ग्रेट. आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज.’ आपल्याकडचं ‘सिन्स थ्री डेज’ नको. ‘सिन्स’ वापरायचंच तर पुढे वार घाला, ‘सिन्स मंडे’.