माकडताप: तिलारीच्या रानात उतरण्याआधी

कोल्हापुरातून चंदगडमार्गे तिलारी घाट उतरला की दोडामार्ग. आंबोली उतरून सावंतवाडीपुढं बांदा. या पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण सापडलेत. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा विषाणू युरोपातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. मात्र जर्मनी-ऑस्ट्रियाला जाणाऱ्याला त्या मेंदूज्वराची लस घेता येते. माकडतापावर सध्या वापरात लस नाही. म्हणून गोचीड अंगाला लागू न देणं महत्त्वाचं.

पावसाळ्यात जळवांना भिणारी माणसं उन्हाळ्यात निर्धास्त हिंडतात. धोका मात्र डिसेंबर ते मे या काळात जास्त, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात. चावतं ते बहुतेक वेळा गोचिडीचं पिल्लू, खसखशीएवढं. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

फिक्या रंगाची फुल पँट घाला, पाय मोज्यात खोचा, शर्ट पँटमध्ये. उघड्या कातडीवर २० ते ३० टक्के डीईईटी (कीटक दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा; घाम आला की ते उतरतं, पुन्हा लावा. पाचोळ्यावर थेट बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच वळा आणि वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा: माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात.

परतल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवा (गार पाण्यात गोचीड मरत नाही) आणि साबणानं अंघोळ करा. गुडघ्यामागं, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागं, कंबरपट्ट्याखाली पाहा. मुलांचे केस विंचरून बघा.

चिकटलेली गोचीड काढायला रॉकेल, चुना, पेटती काडी काही नको. डिवचली तर ती उलट लाळ जखमेत सोडण्याची शक्यता असते. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तिला तोंडाजवळ धरा, न पिळता, सरळ वर, सावकाश ओढा. नखानं चिरडू नका. जागा साबणानं धुऊन स्पिरिट लावा, तारीख लिहून ठेवा.

साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या सुरू झाल्या तर लगेच दवाखाना गाठा. रानात गेल्याचं स्वतःहून सांगा, नाहीतर डेंगी समजून वेळ जातो. रक्तस्रावाची भीती असल्यानं ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळा, तापाला पॅरासिटामॉल. ताप उतरल्यावरही आठ-पंधरा दिवस लक्ष ठेवा: काहींना तो उलटतो, मान आखडते, हात थरथरतात, बोलणं भरकटतं. अशा वेळी घरी थांबू नका, थेट कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात न्या.