ओढ बसताच बंद पडणारी विंच : दोष शोधण्याची रीत

मोकळा दोर गुंडाळताना सुरळीत फिरणारी विंच (गाडीवर बसवलेले, विजेच्या मोटरने दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारे यंत्र) रुतलेल्या ट्रॉलीची ओढ बसताच पाच-दहा सेकंदांत गप्प होते, ही तक्रार सोलापूर जिल्ह्यात ऊसतोडणीच्या हंगामात हमखास कानावर येते. परतीच्या पावसाने काळे रान फुगलेले असते, बांधावर आणखी दोन ट्रॅक्टर खोळंबलेले असतात आणि अशा घाईत माणूस पहिला निष्कर्ष काढतो तो ‘बॅटरी गेली’ हा. मीही तोच काढला होता. मोहोळ तालुक्यात सीनाकाठच्या एका शेतात पिकअपची विंच अशीच बंद पडल्यावर मी नवी बॅटरी घातली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर विंच पुन्हा तशीच थांबली. दोष निघाला तो बंपरच्या बोल्टाला जोडलेल्या निगेटिव्ह केबलच्या लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्यात. तेव्हापासून मी ज्या क्रमाने तपासणी करतो तो येथे देत आहे. हा क्रम पिकअप किंवा जीपवर बसवलेल्या, १२ व्होल्टच्या आणि सुमारे ४ टन ओढीच्या विंचसाठी आहे.

मोकळ्या दोरावर घेतलेले कोणतेही माप या दोषात उपयोगाचे नाही. अशा विंचची मोटर मोकळी फिरताना साधारण ६० ते ८० अँपिअर घेते, तर पूर्ण ओढीला ती ४०० अँपिअरच्या आसपास जाते. एखाद्या जोडात ०.०१ ओहम इतका किरकोळ अवरोध असला, तर ६० अँपिअरला तेथे ०.६ व्होल्ट खर्ची पडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ३०० अँपिअरला त्याच जोडात ३ व्होल्ट गळतात आणि ९०० वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे लहानशी शेगडीच त्या लगमध्ये पेटते. मीटरच्या ओहमवर हा अवरोध दिसत नाही, कारण साधा मल्टिमीटर इतके लहान माप विश्वासाने दाखवत नाही. म्हणून तपासणी ओढीखालीच करावी लागते.

त्यासाठी एक जाड कडुलिंब आणि रुंद पट्टा पुरेसा होतो. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, इंजिन सुरू ठेवावे, दोर पट्ट्याला लावून विंचने गाडीच पुढे ओढावी आणि ब्रेक हळूहळू दाबत ओढ वाढवावी. ड्रमवर दोराचे किमान पाच वेढे शिल्लक असावेत, दोराच्या मध्यावर भिजवलेले गोणपाट टाकावे आणि दोराच्या रेषेत किंवा गाडी व झाडाच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. तुटलेला दोर गाडीकडेही झेपावू शकतो. बॉनेट उघडे ठेवले तर काचेला आडोसा मिळतो, मात्र चालकाला समोरचे दिसत नाही, म्हणून बाजूला, दोरापासून लांब, एक माणूस खुणा करायला हवा. मीटर हातात धरून बंपरजवळ वाकण्याचे काही कारण नाही. मीटरच्या वायरींना तीन-चार मीटर बारीक वायर जोडून त्या खिडकीतून आत घ्याव्यात. त्यांतून ओढीचा करंट जात नसल्यामुळे बारीक वायरीने मापात फरक पडत नाही.

मीटर लावण्याआधी एकदा नुसते ऐकावे. बटण दाबून ठेवलेले असताना सोलेनॉइड (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) टक-टक-टक असा फडफडत असेल, तर व्होल्टेज कोसळत आहे: कॉइलचा जोर जातो, संपर्क सुटतो, ओढ जाताच व्होल्टेज परत चढते आणि संपर्क पुन्हा जुळतो. हा आवाज येताच बटण सोडावे, कारण प्रत्येक ‘टक’ला आतल्या तांब्यावर ठिणगी पडून ते जळत असते. बटण दाबलेले असतानाच एकदा ‘टक’ होऊन सगळे शांत झाले, तर रिमोटकडून सोलेनॉइडपर्यंत येणारा बारीक वायरींचा मार्ग तुटतो आहे. आणि मोटर थांबूनही सोलेनॉइड धरलेलाच राहिला, बटण सोडल्यावरच त्याचा सुटण्याचा आवाज आला, तर दोष जाड केबलच्या मार्गात, सोलेनॉइडच्या मुख्य संपर्कांत किंवा मोटरच्या कार्बनमध्ये (फिरत्या भागाला वीज देणाऱ्या ब्रशमध्ये) आहे. एवढ्या कान देण्याने निम्मे काम वाचते.

आता मापे. पहिले माप बॅटरीच्या दोन खांबांवर घ्यावे, वर बसवलेल्या क्लॅम्पवर नव्हे. स्थिर अवस्थेत, इंजिन बंद करून काही तासांनी, चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखवते; १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी आहे. ओढीखाली खांबांवरच १० व्होल्टच्या खाली माप गेले, तर बॅटरी अशक्त, लहान किंवा अर्धवट भरलेली आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि बॅटरीचे पाणी लवकर आटते, तेव्हा प्लेटा उघड्या पडलेल्या नाहीत ना हे पाहून हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेल तपासावा; एकच सेल बाकीच्यांपेक्षा फार मागे पडला असेल, तर चार्जिंगवर वेळ घालवू नये. ३०० अँपिअरने एक मिनिट ओढल्यास ५ अँपिअर-तास खर्च होतात आणि पिकअपचा अल्टरनेटर ते मिनिटभरात भरून देऊ शकत नाही, ही गोष्टही घाईत विसरली जाते.

खांबांवर व्होल्टेज टिकून असताना मोटर मरगळत असेल, तर चोर वाटेत आहे. मीटरची लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळी मोटरच्या ओढीच्या वेळी वीज येणाऱ्या टर्मिनलवर आधी पक्की लावून मग ओढ द्यावी. मीटर जे दाखवेल ते वाटेत हरवलेले व्होल्टेज. मग निगेटिव्ह बाजूला मोटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत हेच करावे. प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आसपास चालते. एक व्होल्ट ओलांडला की एकेक टप्पा घेत जावे: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते सोलेनॉइड, आणि सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये. या शेवटच्या टप्प्यात चालू अवस्थेत ०.२ व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले, तर संपर्क जळलेले समजावेत.

माझ्या गाडीत निगेटिव्ह बाजूने २.४ व्होल्ट दाखवले. शेजारच्या वयस्कर वायरमनने लगवरची रबराची नळी मागे सरकवली, तर आतली तांब्याची तार हिरव्या-पांढऱ्या भुकटीत बुडालेली होती. अंगठ्याने दाबताच निम्म्याहून अधिक तारा तुटून तळहातावर आल्या. “मालक, मोकळं फिरायला चारच तारा पुरतात,” एवढेच ते म्हणाले. शिवाय बंपरचा रंग न खरवडता लग आवळलेला होता, तो वेगळाच.

दुरुस्ती करताना निगेटिव्ह केबल थेट बॅटरीपर्यंत न्यावी. बंपर, चॅसिस आणि इंजिनची पट्टी अशा तीन जोडांवर विसंबू नये. लग हातोडीने ठोकून न बसवता हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्यावा. केबलच्या जाडीत कंजुषी महागात पडते: ३५ चौरस मिमी तांब्याच्या केबलला मीटरमागे सुमारे ०.५ मिलीओहम अवरोध असतो आणि १६ चौरस मिमीला त्याच्या दुपटीहून अधिक. मागे बसवलेल्या विंचला जाऊन-येऊन १० मीटर केबल लागली, तर १६ चौरस मिमीमध्ये ३०० अँपिअरला ३ व्होल्टहून अधिक जातात, तेही सगळे जोड चकचकीत असताना. केबल घेताना एक तार चाकूने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, आणि ती घेऊ नये.

बारीक वायरींचा दोष शोधणे त्यामानाने सोपे असते. रिमोटची वायर प्लगजवळ आणि मुठीजवळ वाकवून पाहावी, प्लगच्या पिनांतला चिखल काढावा, सोलेनॉइडच्या डब्याला अर्थिंग देणारी काळी वायर घट्ट आहे का पाहावे.

विंच दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप पुन्हा चालू होत असेल, तर प्रश्न उष्णतेचा आहे. काही विंचच्या मोटरमध्ये तापल्यावर बारीक मार्ग तोडणारा स्विच असतो. तो वगळून वायरी थेट जोडून ‘दुरुस्ती’ करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि पुढे त्यांनी मोटर बदललेलीही पाहिली आहे. केबलमध्ये वेगळा ब्रेकर बसवलेला असेल, तर त्याचा आकडा मोटरच्या पूर्ण ओढीच्या करंटला पुरतो का ते पाहावे. १५० अँपिअरचा ब्रेकर या विंचला जड ओढीत साथ देणार नाही. मे महिन्याच्या दुपारी तर तो निम्मा आधीच तापलेला असतो.

सगळी मापे ठीक येऊनही मोटर तापून थांबत असेल, तर दोष विजेचा नसून ओढीचा असू शकतो. विंचवर लिहिलेली ओढ ड्रमवरच्या पहिल्या थराची असते आणि प्रत्येक वरच्या थराला ती कमी होत जाते, म्हणून जास्तीत जास्त दोर सोडूनच ओढावे. एक कप्पी घालून दोर परत गाडीला बांधला, तर विंचवरचा भार जवळजवळ निम्मा होतो. वेगही निम्मा होतो, पण काळ्या चिखलात वेगाची गरज नसते. ट्रॉलीच्या चाकांपुढची माती फावड्याने काढली, तर आणखी बराच भार उतरतो.

दुरुस्तीनंतर त्याच कडुलिंबाला, तितकाच ब्रेक दाबून, तीच मापे पुन्हा घ्यावीत आणि दोन्ही बाजूंचे आकडे तारखेसह रंगाच्या पेनाने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत. माझ्या गाडीत २.४ खोडून तेथे ०.३ लिहिले आहे.